मॅनर, मॅनर्स आणि डेंजर

प्रश्न असा आहे : “इंग्लंडमधल्या डेल्सफर्ड इस्टेटीवर मराठीत लिहायला घेतलंय. ‘मॅनर हाउस’ला वाडा म्हणू, हवेली म्हणू की गढी? ‘लॉर्ड ऑफ द मॅनर’ म्हणजे जहागीरदारच ना? आणि जिथली माणसं मॅनर्स पाळत ते मॅनर, असं ऐकलं. ते बरोबर आहे का?”

शेवटचं आधी उरकतो, कारण ते ऐकून ऐकून कान किटलेत. अजिबात बरोबर नाही. ‘मॅनर्स’ आले लॅटिन ‘मानुस’वरून, म्हणजे हात. हाताचं, हाताने करायचं ते ‘मानुआरिउस’. फ्रेंचांनी त्याचं ‘मानिएर’ केलं, म्हणजे एखादी गोष्ट हाताळायची रीत. आपली ‘हातोटी’ही आपल्या ‘हाता’वरून अशाच वाटेने आली आहे. ‘मॅनर’ मात्र ‘मानेरे’वरून, म्हणजे राहणं, मुक्काम करणं. ‘रिमेन’, ‘पर्मनंट’, ‘मॅन्शन’ ही त्याची सख्खी-चुलत भावंडं. उच्चार सारखा पडला म्हणून खुद्द इंग्रजही घोटाळा करतात, पण त्यांचा घोटाळा आपण कशाला डोक्यावर घ्यायचा? दुसऱ्या टोकाला ‘मॅनर’ हे ‘मंदिर’वरून आलं म्हणणारी मंडळी आहेत. त्यांनी मधला ‘द’ कुठे सांडला तेवढं सांगावं, मग पुढचं बोलू. आणि पालघरजवळचं मनोर इंग्रजीत याच स्पेलिंगने लिहितात, त्याचाही इथे काही संबंध नाही.

आता मुख्य गैरसमज. मॅनर म्हणजे घर नव्हे. बिल्डरांनी दोन बीएचकेच्या सोसायट्यांना ‘अमुक मॅनर’ अशी नावं देऊन हा गैरसमज पार सिमेंटात बसवला आहे. इंग्लंडच्या विल्यम या नॉर्मन राजाने १०८६ साली देशाची जी मोजदाद करवली, त्या डोम्सडे बुकात ‘मानेरिउम’ हा शब्द पानोपानी येतो आणि तिथे खोल्या कोणी मोजत नाही. तिथे मोजतात नांगर, कुळं, गिरण्या, रान, कुरणं. धन्याच्या खासगी जमिनीवर किती नांगर चालतात, कुळांचे किती, हे वेगवेगळं लिहितात. मॅनर म्हणजे जमिनीच्या एका तुकड्यावरचे आणि तिथल्या माणसांवरचे हक्क, सगळे एका गाठोड्यात बांधलेले. धनी राहतो ते ठिकाण हा शब्दाचा उगम खरा, पण शब्द उंबरठा ओलांडून शिवारभर पसरला, आणि मग घराला वेगळं ‘मॅनर हाउस’ म्हणायची पाळी आली. एका गावात दोन मॅनर असत, एक मॅनर चार गावांत पसरलेलं असे. अशा चीजेला ‘वाडा’ कसं म्हणणार?

त्या गाठोड्यात काय काय होतं ते पाहा. कूळ मेलं की त्याचं सर्वांत चांगलं जनावर धन्याच्या गोठ्यात. कुळाच्या पोरीचं लग्न ठरलं की धन्याला पैसे, म्हणजे मराठेशाहीतला आपला लग्नटकाच. दळण धन्याच्याच गिरणीत. आठवड्यातले ठरलेले दिवस धन्याच्या शेतात फुकट राबायचं, सुगीला वर आणखी वेठ. तंटा झाला तर कचेरीही धन्याचीच, आणि तिच्या दप्तरातल्या नोंदीची नक्कल हाच कुळाचा कागद. म्हणून त्या जमीनधारणेचं नाव ‘कॉपीहोल्ड’. हा प्रकार कायद्याने संपला तो १ जानेवारी १९२६ रोजी! आपल्याकडची पाटीलकी १९६२च्या कायद्याने गेली, म्हणजे फार मागेपुढे नाही.

धन्याच्या खासगी शेतीला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचा उच्चार ‘डिमेन’. स्पेलिंगमध्ये मध्येच एक मुका ‘एस’ घुसलेला आहे, तो कोर्टातल्या कारकुनांचा प्रताप. अनुवादक इथे ‘खासगी मालकीची जमीन’, ‘स्वकीय क्षेत्र’ असं काय काय लिहितात आणि वाचकाला झोप आणतात. अहो, मराठीत शब्द आहे : शेरी. सरकार किंवा इनामदार स्वतःच्या खात्यावर कसून घेतो ती शेरी. काही गावांत शिवाराच्या एखाद्या तुकड्याला लोक अजूनही शेरीच म्हणतात. अख्खी जमीनव्यवस्था आपल्या शब्दांत उभी असताना शब्द पाडायची हौस कशाला?

पण हे सगळं ज्यासाठी लिहायला बसलो ते पुढेच आहे. ‘डिमेन’ आणि ‘डोमेन’ निघाले ‘डोमिनुस’वरून, म्हणजे धनी. याच धन्याच्या पोटी आणखी एक शब्द जन्मला, तो म्हणजे ‘डेंजर’. हो, तोच! जुन्या फ्रेंचमध्ये ‘दांजिए’ म्हणजे धन्याची सत्ता, त्याचा अंमल. एखाद्याच्या डेंजरमध्ये असणं म्हणजे त्याच्या कह्यात असणं. तो दंड करू शकतो, माफ करू शकतो, सगळं त्याच्या मर्जीवर. शेक्सपियरच्या काळीही इंग्रजीत हा अर्थ जिवंत होता. पुढे धनी मागे पडला आणि नुसता धोका उरला. काही पंडित ‘डेंजर’चा बाप म्हणून ‘डामनुम’, म्हणजे नुकसान, याला उभं करतात. त्या शब्दाची छाया पडून ‘डो’चा ‘डा’ झाला असेल, तेवढं मी देईन. पण शेजाऱ्यासारखा चेहरा आहे म्हणून कुणी वंशावळ बदलत नाही.

आणि माझा लाडका सिद्धान्त असा की हा मूळ अर्थ इंग्रजांनी गमावला आणि मराठी माणसाने परत मिळवला. आपण ‘डेंजर’ कसं वापरतो बघा. “सासरा लई डेंजर आहे हां.” “नवे साहेब डेंजर आहेत, रजा मागताना जपून.” “अन्ना म्हणजे डेंजर माणूस.” इथे धोका कुठे आहे? रस्ता खचलाय, वीज उघडी आहे, असलं काही नाही. आहे ती सत्ता, तिचा धाक आणि वर थोडंसं कौतुक. शिवाय आपण ते विशेषण म्हणून वापरतो, थेट माणसाला चिकटवतो. भाषाशुद्धीवाले याला बिघडलेलं इंग्रजी म्हणतात. आठशे वर्षांपूर्वीच्या नॉर्मन कुळाला मात्र “धनी डेंजर आहे” हे वाक्य चटकन कळलं असतं. योगायोग म्हणा हवं तर. मी म्हणणार नाही. सत्तेखाली राहणाऱ्याच्या तोंडात हा शब्द पडला की त्याला हाच अर्थ फुटतो. ‘व्हिलन’चंही तेच, मूळचा तो धन्याच्या शेतावरचा कुळवाडी. पण ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, सोडा.

हां, डेल्सफर्ड. विषय छान निवडलात, कारण मराठी वाचकाला ते मॅनर परकं नाही. ते वॉरन हेस्टिंग्जचं. त्याच्या घराण्याकडे ते मध्ययुगापासून होतं. सतराव्या शतकातल्या यादवीत राजाची बाजू घेऊन घराणं खंक झालं आणि १७१५ साली मॅनर एका व्यापाऱ्याला विकावं लागलं. विकण्याआधी शेवटच्या मालकाने एक काम मात्र करून घेतलं. गावच्या चर्चवर पाद्री नेमायचा हक्क मॅनरबरोबर होता, तो वापरून आपल्याच मुलाला तिथे चिकटवून दिलं. जमीन गेली, पाद्रीपण राहिलं. हक्कांचं गाठोडं म्हणालो ते हेच. वॉरन हा त्या पाद्र्याचा नातू. जन्म १७३२चा, आई जन्मतःच गेली, बाप सोडून गेला. गावातल्या धर्मादाय शाळेत कुणब्यांच्या पोरांबरोबर शिकला. सात वर्षांचा असताना ओढ्याकाठी पडून त्याने ठरवलं की आपलं डेल्सफर्ड परत घ्यायचं, असं तो पुढे म्हातारपणी सांगत असे.

मध्ये काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. बंगालमध्ये कारकून, मग गव्हर्नर, मग गव्हर्नर जनरल. जानेवारी १७७९मध्ये वडगावला इंग्रज फौज मराठ्यांच्या कचाट्यात सापडली आणि तह करून सुटली. तो तह याच्याच कौन्सिलने झिडकारला, आणि लढाई लांबून १७ मे १७८२ला सालबाईचा तह झाला. मध्यस्थ महादजी शिंदे. आता गंमत पाहा. एका बाजूला अर्धा हिंदुस्थान चालवणारा माणूस, जीव इंग्लंडातल्या एका गावच्या वतनात अडकलेला. दुसऱ्या बाजूला दिल्लीच्या बादशहाला पुढे हाताशी धरणारा माणूस, जो स्वतःला मिरवायचा ‘पाटील’ म्हणून, कण्हेरखेडची पाटीलकी होती म्हणून! पाटीलबावा आणि लॉर्ड ऑफ द मॅनर यांना एकमेकांची ही दुखरी जागा कळली असती, तहाची कलमं बाजूला राहिली असती.

हेस्टिंग्जने डेल्सफर्ड परत घेतलं १७८८ साली, म्हणजे ज्या वर्षी पार्लमेंटात त्याच्यावर महाभियोग उभा राहिला त्याच वर्षी. खटला १७९५पर्यंत रखडला, तो निर्दोष सुटला, पैशाने मात्र धुतला गेला. दरम्यान सॅम्युअल पेपिस कॉकरेल या वास्तुविशारदाकडून घर नव्याने उभं करवलं, वर घुमट, आत थोडी हिंदुस्थानी नक्षी. मग धनीपणाची हौस. कलकत्त्याच्या अलीपूरमधल्या त्याच्या जुन्या बागेतून सीताफळाच्या बिया मागवल्या. लिची लावून पाहिली. तिबेटी शेळ्या आणल्या, भुतानकडची याक आणली, ज्यांच्या शेपटीची चवरी होते ती. इंग्लंडच्या हवेत सीताफळ? यातलं काही धरलं नाही. १८१८च्या ऑगस्टमध्ये, पुण्यात पेशवाई बुडाली त्या वर्षी, तो त्याच घरात वारला.

नंतर इस्टेट हात बदलत गेली. १९८८पासून ती बॅमफर्ड घराण्याकडे आहे. नाव ओळखीचं नाही वाटत? जोसेफ सिरिल बॅमफर्ड, आद्याक्षरं घ्या : जे, सी, बी. मराठीत कुठल्याही कंपनीच्या उकरायच्या यंत्राला आपण ज्याच्या नावाने हाक मारतो, ज्याच्यातून पुढाऱ्यांवर फुलं उधळतो, तो ‘जेसीबी’. त्या कंपनीचा एक कारखाना तळेगावात आहे. तळेगाव-वडगाव! १७७९ला मराठ्यांनी जाळून ओसाड केलेल्या ज्या गावातून इंग्रज फौज मागे फिरली तेच तळेगाव. तुमच्या लेखात हे नाही आलं तर मी रागावेन.

तर प्रश्न काय होता? ‘लॉर्ड ऑफ द मॅनर’ला जहागीरदार नको. कोशप्रेमी मित्रांचा जहागिरीवर फार जीव असतो, पण जहागीर म्हणजे चाकरीपोटी तोडून दिलेला महसूल, आज दिला उद्या काढला. मॅनर मातीत रुतलेलं, वारशाने उतरणारं, तुकडे करून विकता येणारं, म्हणजे वतन. आपल्याकडे निम्मी पाटीलकी विकत, तिकडे नुसता लॉर्डपणा आजही घर-जमीन सोडून वेगळा विकला जातो. म्हणून वतनदार लिहा.

हवेली हा शब्द खरं तर सगळ्यांत जवळचा. तोही घरापासून निघून जमिनीवर गेला : मुख्य ठाण्याभोवतीचा, ठाण्याच्या खर्चाला लावून दिलेला मुलूख म्हणजे हवेली. पुण्याचा हवेली तालुका उगाच नाही. पण आज तुम्ही हवेली लिहिलीत की वाचकाला रात्री बारा वाजता कुरकुरणारं दार दिसणार, तेव्हा राहू द्या. गढी म्हणा ती श्रॉपशरच्या स्टोकसेसारख्या घराला, जिथे लोकरीच्या एका व्यापाऱ्याने १२९१ साली तटाला कंगोरे काढायचा राजाकडून परवाना घेतला. वाड्याला चौक लागतो, भिंत रस्त्याला लागून लागते. डेल्सफर्डचं घर चहूकडून मोकळं, स्वतःच्या आवारात, झाडीत उभं आहे. अशा घराला मराठी माणूस न अडखळता बंगला म्हणतो. शिवाय मालक बंगालहून आलेला, आणि शब्दही. बंगला लिहा.