बागेच्या नूतनीकरणाआधी जुनी झाडं कशी तपासतात? कोणतं ठेवायचं, कोणतं काढायचं, हे कसं ठरवतात?

कसं तपासायला हवं ते सांगतो, पण आधी आमच्या सोलापुरात कसं तपासलं ते ऐका.

आमच्या पेठेतल्या बागेत जुना कडुलिंब होता. मे महिन्यात पारा 42 च्या वर गेला की निम्मी पेठ त्याच्याखाली. बुंध्याला ढोली, ढोलीत उदबत्तीची राख आणि माव्याच्या पुड्या. ठेकेदाराचा माणूस आला, आत मोबाइलचा टॉर्च मारला आणि खोडावर लाल फुली ओढून मोकळा! म्हटलं, "साहेब, हातोडी तरी मारून बघा की ओ." तर म्हणे, "काका, पोकळ आहे, कुणाच्या डोक्यात पडलं म्हणजे?"

पोकळ म्हणजे कमकुवत, हा निव्वळ अडाणीपणा. झाड जगतं सालीलगतच्या थरावर. गाभा मेलेलाच असतो. भोवतीची शाबूत भिंत त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश असली तरी खोड तग धरतं. लाकडी हातोडीने ठोकत गोल फिरा, भद्द आवाज कुठे येतो, म्हणजे आत कुठे पोकळ आहे, ते कळेल. शंका राहिलीच तर रेझिस्टोग्राफची, म्हणजे लाकूड किती टणक ते नोंदवणाऱ्या यंत्राची, बारीक सुई घालून भिंत मोजता येते. लिंब पाडल्यावर बुंधा मी वाकून पाहिला: चहूबाजूंनी वीतभर जाड, लालसर, टणक लाकूड.

शेजारचा गुलमोहर मात्र 'निरोगी' ठरला. मग पाइपासाठी त्याच्या बुंध्यापासून हातभरावर जेसीबीने चर खणला. पहिल्याच वळवात आडवा.

म्हणून झाडाआधी खोदकामाचा नकाशा तपासा. बुंध्याच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येत खोदकाम नको, हा ढोबळ नियम. दोन फुटी बुंध्याला 24 फूट. पेव्हर ब्लॉक खोडाला भिडवायचे नाहीत. हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरच्या आतलं काँक्रीट उगाच काढायला लावलं नव्हतं.

तोडायची परवानगी पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची, महाराष्ट्राच्या 1975 च्या झाडं जपण्याच्या कायद्याने. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षांवरचं झाड हेरिटेज, आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची. त्यामुळे अर्जात वय किती लिहिलंय ते डोळ्यात तेल घालून बघा.

हां, ढोली एका बाजूने सताड उघडी असेल, खोड नव्याने कललं असेल किंवा बुडाशी गॅनोडर्माची बुरशी आली असेल, तर एक तृतीयांशाचा हिशेब विसरा, जाणकार बोलवा. काही झाडं काढावीच लागतात. पण फुलीचं कारण सहीनिशी लेखी मागा, आणि झाड उभं आहे तोवर मागा. आम्ही नंतर मागितलं, तर फाइलच सापडेना.