तेलवाळू आणि ऑइल शेलमधून तेल काढायची सर्वात कार्यक्षम पद्धत कोणती?

तेलवाळूसाठी माझं मत एसएजीडीला (स्टीम-असिस्टेड ग्रॅव्हिटी ड्रेनेज), म्हणजे वाफेने तापवून तेल गुरुत्वाकर्षणाने खाली ओघळू देण्याच्या पद्धतीला. कॅनडातल्या अल्बर्टात बहुतेक साठा इतका खोल आहे की उघडी खाण परवडतच नाही. तिथे साधारण 5 मीटर अंतरावर, एकाखाली एक अशा दोन आडव्या विहिरी खणतात. वरच्या विहिरीतून वाफ सोडली की डांबरासारखं घट्ट बिट्युमेन पातळ होऊन खालच्या विहिरीत ओघळतं आणि तिथून उपसतात. अभियंता रॉजर बटलर यांची ही कल्पना.

खरा खर्च वाफेचा, कारण त्यासाठी नैसर्गिक वायू जाळावा लागतो. वाफेत थोडं ब्युटेनसारखं द्रावक मिसळलं तर वायू आणि पाणी दोन्ही वाचतं.

ऑइल शेल या दगडात मात्र तयार तेल नसतंच, केरोजेन असतं, म्हणजे तापवल्यावर तेल देणारा घन सेंद्रिय पदार्थ. एस्टोनियात तो दगड भट्टीत सुमारे 500 अंश सेल्सिअसला तापवतात. राख प्रचंड उरते, त्यामुळे त्याला कार्यक्षम म्हणणं मला पटत नाही.