कथेसाठी नवं जग रचतोयस? आधी एकच सण लिही

भावा, नकाशा आणि देवांची नावं सध्या बाजूला ठेव, नवीन माणूस तिथंच अडकतो. आपल्या जुन्या नाशकातल्या रहाडी बघ, पेशवेकाळातले हौद, वर्षभर रस्त्याखाली बुजलेले, वरून गाड्या जातात आणि रंगपंचमीला उघडून रंगाचं पाणी भरलं की लोक धपाधप उड्या मारतात. प्रत्येक रहाडीचा रंगही ठरलेला! आता तुझ्या सणाला विचार, पहिला मान कोणाचा, राबतं कोण, कोणाला लांब ठेवतात?

आणि हे टाळ:
- अख्खी जमात एकाच मताची. प्रथेला वैतागलेली एखादी सून हवीच.
- पानभर कारणं. 'आजा करायचा' एवढं पुरे.

त्या जगाची भाषा-बिषा नंतर बघू. लिहून पाठव, मी वाचतो.