समासातलं टिंब

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दोघींनी मिळून काम सुरू करायचं मनात आहे आणि जो तो सांगतोय की मैत्री आणि व्यवहार एकत्र आणू नका, दोन्ही हातचं जाईल. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण ही अर्धी बाजू झाली. उरलेली अर्धी सांगायला सहसा कोणी बसत नाही, म्हणून लिहिते.

आम्ही दोघी मैत्रिणींनी १९ वर्षं शेजारशेजारच्या टेबलांवर बसून भाषांतरं केली. बहुतेक यंत्रांच्या माहितीपुस्तिका. एकीनं खर्डा लिहायचा, दुसरीनं वाचायचा. वाक्य अडखळलं की ती समासात पेन्सिलीनं एक टिंब द्यायची. शेरा नाही, प्रश्नचिन्ह नाही, नुसतं टिंब. एकदा झडप बंद करण्याची दिशा मी उलटी लिहिली. टिंब दिसल्यावर मी वाक्य तीनदा वाचलं, शब्द बदलले, पण मूळ चूक काही दिसेना. शेवटी ती उठून माझ्या टेबलापाशी आली आणि काही न बोलता रिकामी मूठ हवेत फिरवली, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. माझ्या अंगावर काटा आला. तसंच छापलं गेलं असतं तर कोणाचा तरी हात भाजला असता. ती जागेवर जाऊन बसली, पुढचं पान घेतलं. त्या चुकीचा विषय तिनं पुन्हा कधी काढला नाही.

परक्या माणसापुढे काम ठेवताना आपण ते आधी झाडूनपुसून घेतो. जे जमलेलं नसतं तेच नेमकं झाकलं जातं, आणि मदत तर तिथंच हवी असते. मैत्रिणीपुढे कच्चा खर्डा तसाच ठेवता येतो. मला विचारशील तर सोबतीनं काम करण्याचा सगळ्यात मोठा आनंद हाच.

हार्डी आणि लिटलवूड या गणितज्ञांनी सुमारे ३५ वर्षं एकत्र संशोधन केलं. त्यांनी आपसात जे नियम ठरवले होते त्यातला पहिलाच असा, की एकानं दुसऱ्याला लिहिलेलं बरोबर आहे की चूक, याला काही महत्त्व नाही. नाहीतर मनात येईल ते मोकळेपणानं लिहिताच आलं नसतं. इतक्या काटेकोर विषयात इतकी मोकळीक! मला हे फार सुंदर वाटतं.

आणि हसणं. डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वेर्स्की हे दोघे मानसशास्त्रज्ञ १९६९ च्या सुमारास एकत्र काम करू लागले. तासन् तास बोलत, हसत त्यांचं काम चाले. लेखावर पहिलं नाव कोणाचं, हे त्यांनी सुरुवातीला नाणं उडवून ठरवलं. पुढे मात्र जग एकाचं कौतुक जास्त करू लागलं आणि त्यांच्यात अंतर पडलं. ट्वेर्स्की १९९६ मध्ये गेले. २००२ मध्ये काहनेमन यांना नोबेल मिळालं, तेव्हाही हे काम दोघांचं आहे, असंच ते सांगत राहिले.

तेव्हा श्रेय आणि पैसा या दोन गोष्टी आधीच कागदावर घ्या. कोण किती घालणार, कोणाला किती मिळणार, एकीला बाहेर पडावंसं वाटलं तर काय करायचं. प्रेम भरपूर आहे तोवरच हे लिहून होतं. मन दुखावल्यावर शब्दाशब्दाची भीती वाटते.

आमच्यातही एकदा बिनसलं. एका मोठ्या कामाची मुदत मी तिला न विचारता कबूल केली. ती काही बोलली नाही. फक्त माझ्या खर्ड्यांवर टिंबं येईनाशी झाली. पानामागून पान स्वच्छ परत यायचं. आधी मला वाटलं, मी चांगलं लिहायला लागले. दोन आठवड्यांनी एका पानावर मलाच एक ढोबळ चूक सापडली, आणि ती चूक तिच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. त्या संध्याकाळी आम्ही दिवा न लावता बराच वेळ बोलत बसलो. दुसऱ्या दिवशी पहिल्याच पानावर चार टिंबं होती. इतका आनंद मला कुठल्याही शाबासकीनं झाला नव्हता.

तुमचं जमेल की नाही, हे मी इथून कसं सांगू? पण तू अजून तिला तुझं एखादं अपुरं, फसलेलं काम दाखवलेलं नाहीस, असं पत्रावरून वाटलं. या आठवड्यात दाखव. ती काय म्हणते ते तर कळवच, पण तिच्या हातात ते असताना तुला कसं वाटलं, तेही लिही.

तुझी,
टेबलाशी अजून बसणारी