गुढीवर भुंकणारा शेरू आणि चैत्रातल्या बाकी गोष्टी

फाल्गुन संपत आला की कुत्र्यांबद्दल माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा नूरच बदलतो बघा. थंडीभर स्वेटर घालू का, अंघोळ किती दिवसांनी, असं चालू असतं आणि एकदा का कोकीळ ओरडायला लागला की मग पाडवा, श्रीखंड, ऊन, गोचीड. यावेळी पत्रं भरपूर आलीत, सगळ्यांना जागा देता येत नाहीये, म्हणून ज्यातून बाकीच्यांचंही काम होईल अशी निवडलीयेत. माझ्या घरी गुंडी आहे, सहा वर्षांची, गावठी, एक कान उभा आणि एक दुमडलेला, त्यामुळे उत्तरांमध्ये ती मधेमधे येणारच.

प्रश्न : आम्ही डोंबिवलीला चौथ्या मजल्यावर राहतो. बिल्डिंगच्या गेटपाशी सापडलेलं पिल्लू आता 10 महिन्यांचं झालंय, नाव शेरू. हा त्याचा पहिला पाडवा. प्रॉब्लेम असा की दोरीवर साडी वाळत घातली तरी तो तिच्यावर भुंकतो, मग गुढीचं काय होणार? सासूबाई म्हणतात त्या दिवशी त्याला बेडरूममध्ये कोंडू. मला ते नको वाटतंय. सणाच्या दिवशी घरातलाच एक जण दाराआड रडत बसणार, कसं वाटेल ते?

ताई, कोंडू नका. सासूबाईंना काळजी आहे की तांब्या कुणाच्या तरी डोक्यात पडेल, आणि ती काळजी खरीच आहे. पण कोंडलेला कुत्रा एवढंच शिकतो की ही काठी दिसली की आपल्याला आत टाकतात, मग पुढच्या वर्षी दुप्पट भुंकतो.

जरा त्याच्या बाजूने बघा ना. रोजची गॅलरी, रोजच्या कुंड्या, आणि एका सकाळी उठून बघतो तर तिथे कुणीतरी उंच माणूस उभं, जरीचं नेसलेलं, डोकं चकाकतंय, पदर हलतोय पण बोलत काहीच नाही. भुंकणार नाही तर काय करेल, तो घर राखतोय तुमचं.

म्हणून ओळख आदल्या दिवशी करून द्यायची. संध्याकाळी काठी धुवून पुसून झाली की लगेच कोपऱ्यात उभी करू नका, हॉलमध्ये आडवी ठेवा आणि त्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत हुंगू दे. मग जो खण किंवा साडी लावणार ती मांडीवर घेऊन खाली बसा, तो आपणहून येईल, नाक लावेल, हातातून एखादा खाऊ द्या, परत येईल, परत द्या. गडबड करायची नाही. सकाळी गुढी उभारताना त्याचा पट्टा घरातल्या शांत माणसाच्या हातात सैल असू दे, आणि त्याला एवढ्या लांब ठेवा की गुढी दिसते पण तो भुंकत नाही. बघितलं की खाऊ, बघितलं की खाऊ. मग हळूहळू जवळ. गुंडी पहिल्या वर्षी खूप वेळ भुंकली होती, मान खाली घालून, मागचे पाय ताणून, दर दोन भुंकण्यांनंतर माझ्याकडे वळून बघायची की तुला दिसतंय ना हे. दुसऱ्या वर्षी दुपारी बघते तर गुढीची सावली फरशीवर जिथे पडली होती तिथेच पोट टेकवून झोपलेली.

दोन गोष्टी मात्र नक्की करा. काठी ग्रीलला दोन ठिकाणी घट्ट बांधा, एका गाठीवर विसंबू नका. आणि साखरेची गाठी त्याच्या तोंडाला येणार नाही एवढी उंच. साखरेची भीती नाही एवढी, भीती आतल्या दोऱ्याची आहे. दोरा गिळला तर आतड्यात अडकतो, आतडं त्याच्यावर गोळा होत जातं आणि मग ऑपरेशनशिवाय गत्यंतर नसतं. संध्याकाळी गुढी उतरवल्यावर पोरांच्या हातात गाठी दिली जाते तेव्हा तर जास्तच लक्ष ठेवा.

राहता राहिली स्वागतयात्रा. तुमच्या डोंबिवलीत ती 1999 पासून निघतेय आणि तिची मजा काय असते ते तुम्हाला मी सांगायला नको, पण शेरूला खाली नेऊ नका. त्याला भल्या पहाटे फिरवून आणा, ढोल जवळ यायच्या आधी खिडक्या लावा, पंखा मोठा करा आणि घरातला एक जण त्याच्याजवळ बसू दे. आळीपाळीने बसा, म्हणजे यात्राही सगळ्यांना बघायला मिळेल.

प्रश्न : तासगावजवळ आमची द्राक्षबाग आहे, सध्या बेदाण्याचं काम जोरात चालू आहे. आमचा वाघ्या दिवसभर शेडवर असतो, रॅकखाली पडलेले बेदाणे खातो, आजवर काही झालेलं नाही. मुलगी म्हणते कुत्र्याला बेदाणा विष असतो. आणि पाडव्याला श्रीखंड, आंबा, कडुलिंबाचा प्रसाद यातलं त्याला काय द्यावं?

दादा, मुलगी बरोबर सांगतेय, तिचं ऐका. द्राक्ष, बेदाणा, मनुका, काहीही कुत्र्याच्या पोटात जाता कामा नये, त्याने मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. अडचण अशी की अमुक इतके खाल्ले की त्रास होतो असं माप नाही, एखाद्याला मूठभर खाऊन काही होत नाही आणि एखादा थोडक्यातच जातो. पूर्वी कारणच सापडत नव्हतं, 2021 मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी द्राक्षातल्या टार्टरिक आम्लाकडे बोट दाखवलं आणि ते आम्ल फळाफळात, बागेबागेत कमीजास्त असतं हे लक्षात घेतलं तर वाघ्याला आजवर का काही झालं नाही याचंही उत्तर त्यात असू शकतं. पण उद्याच्या बेदाण्याची खात्री कोण देणार? हंगाम संपेपर्यंत त्याला शेडच्या बाहेर बांधा, सावली आणि पाणी बघून. खाल्ल्याचं दिसलं तर उलटीची वाट बघत बसू नका, लगेच डॉक्टरकडे, कारण पहिल्या काही तासांत जे करता येतं ते दुसऱ्या दिवशी करता येत नाही. सुरुवातीला उलट्या, मग मलूल होतो, मग लघवी कमी कमी होत बंद.

हेच आम्ल चिंचेत भरपूर असतं. तेव्हा कडुलिंबाच्या प्रसादात चिंच घालत असाल तर तो त्याला नको.

श्रीखंडाचं म्हणाल तर साखर आणि जायफळ दोन्ही त्याच्यासाठी वाईट. पण सणाच्या दिवशी काहीच दिलं नाही तर जीव तुटतो हे मला माहितीये, म्हणून आमच्याकडे असं करतो की चक्का फडक्यातून काढला, की साखर घालायच्या आधीच त्यातला चमचाभर गुंडीच्या वाटीत. पंचा सोडायच्या आवाजाला ती ओट्यापाशी हजर असते. वाटी चाटून चाटून भिंतीपर्यंत ढकलत नेते आणि मग तिथे बसून घरभर बघत राहते. तेवढ्यात तिचा पाडवा होतो.

आंब्याचा गर एखाद-दुसरी फोड चालते, कोय अजिबात नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या आधीच्या कुत्र्याने, बाळूने, बागेत टाकलेली कोय गिळली, आम्हाला पत्ताच नाही, दोन दिवस खाईना, आम्हाला वाटलं ऊन लागलं असेल. पोट उघडून कोय काढावी लागली. वाचला. पण त्या दोन दिवसांत मी त्याला ताक पाजत बसले होते हे आठवलं की अजून घशात अडकतं काहीतरी. आंब्याचे दिवस आले की कोयींचं भांडं झाकणाचं ठेवा, एवढं प्रत्येकाने कराच.

प्रश्न : चैत्रात अंगणात रोज चैत्रांगण काढते. आमची पिंकी त्यावरून चालते, मग पाय चाटत बसते. काही अपाय? (वाई)

विकतची रांगोळी म्हणजे दगडाचं पीठ, आणि रंगांत काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही. पायाला लागलं तर ओल्या फडक्याने पुसा. त्यापेक्षा तांदळाच्या पिठाने काढा की, पिंकीही चाटेल, मुंग्या-चिमण्याही येतील. आणि तिच्या पावलांचे ठसे उमटले म्हणून मोडलेलं चैत्रांगण परत काढायला बसू नका, गौरीची पावलं असतात तिथे हिचीही चार असू देत.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत असतो. इथे पाडव्याला कधी कधी बर्फ असतो, आंब्याची पानं इंडियन ग्रोसरीमध्ये मिळाली तर मिळाली. आई फोनवर कोकीळ ऐकवते आणि मला रडू येतं. आमच्या कोकोला (लॅब, 3 वर्षं) घेऊन इथला वसंत कसा साजरा करू?

अगं, कोकोच तुला दाखवेल तो. बर्फ वितळायला लागला की मातीला जो वास सुटतो तो तुझ्याआधी तिला कळतो, तेव्हा त्या दिवसांत तिला घाई करू नकोस, ती जिथे नाक खुपसते तिथे तूही वाकून बघ. तुमच्याकडे पानं यायच्या आधीच फॉरसिथियाची झुडपं पिवळीधम्मक होतात, त्याच्या दोन डहाळ्या आंब्याच्या डहाळीऐवजी गुढीला लाव, पाडव्याला बहर आला नसेल तर थोडे आधी तोडून घरात कोमट पाण्यात ठेवल्या की फुलतात. डॅफोडिल मात्र कोकोपासून लांब, त्याचा कंद विषारी असतो आणि लॅबला उकरायची हौस. फिरून आलीस की तिचे पाय धुवायला विसरू नकोस, रस्त्यावर टाकलेल्या मिठाने तळवे फाटतात. आणि आईचा फोन स्पीकरवर ठेव. कोकीळ ऐकून कोको मान कशी वाकडी करते त्याचा व्हिडिओ आईला पाठव.

प्रश्न : उन्हाळा लागला की गोचीड आवरत नाहीत, शेजारी म्हणतात रॉकेल लावा.

रॉकेल नको, गाईम्हशींचं औषध अंदाजाने पातळ करून तर मुळीच नको, कातडी भाजते आणि चाटलं तर पोटात जातं. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, बोटांनी चिरडायची नाही. कुत्र्यासाठीचं थेंबांचं किंवा गोळीचं औषध डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे घ्या. खाणं सोडलं, ताप आहे, हिरड्या पांढऱ्या पडल्यात, लघवी गडद होतेय यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासा. गोचिडाचा ताप वेळेत सापडला तर बरा होतो.

प्रश्न : आमचा राजा 13 वर्षांचा आहे. मोत्यासारखे डोळे झालेत, ऐकू कमी येतं, मागचे पाय थरथरतात. दर वर्षी पाडव्याच्या सकाळी मी आणि तो अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत जायचो, यंदा त्याला ते जमणार नाही. मी 71 वर्षांचा, आमची मंडळी गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. गुढी उभारायची इच्छाच होत नाहीये. (सातारा)

काका, तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं.

गुढी उभारा. राजासाठी उभारा. त्याच्या आयुष्यात 12 वेळा त्या दिवशी घरात कडुलिंब आलाय, वरणभाताचा वास आलाय, काठीला तेल लागलंय. डोळे गेले, कान गेले तरी कुत्र्याचं नाक शेवटपर्यंत साथ देतं. कडुलिंबाची डहाळी घरात आली की त्याला बरोबर कळेल आज काय आहे ते.

किल्ल्यापर्यंत जायचं नाही. उजाडताना, हवेत गारवा आहे तेव्हा, घरापासून जेवढं त्याला वाटेल तेवढंच. मनात अंतर ठेवूच नका, वेळ ठेवा, समजा अर्धा तास, आणि त्या अर्ध्या तासात तो एकाच कुंपणापाशी उभा राहिला तर तुम्हीही राहा. करंजाला नवी पालवी आलेली असेल, कडुलिंब फुलला असेल तर त्याचा तो मधासारखा वास. सावरीचं झाड असेल जवळ तर खाली पडलेलं एखादं लाल जाडजूड फूल त्याच्या नाकाशी धरा. म्हातारे कुत्रे एका वासावर किती वेळ थांबतात ते नीट बघा कधीतरी, नाकपुड्या कशा हलतात, मधेच थांबतो, परत मागे जाऊन तेच हुंगतो, जसं आपण जुनं पत्र परत वाचतो. त्याचं फिरणं असं होतं, पाय नाही चालले तरी.

ऊन वर आलं की मात्र परत. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग गार करतो आणि या वयात ते नीट जमत नाही. डांबरी रस्त्यावर हाताचा मागचा भाग पाच-सात सेकंद ठेवून बघा, तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही सोसणार नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, तेव्हा थर्मामीटरवर 101 बघून घाबरू नका, 104 च्या वर गेलं, तोंडातून दाट लाळ यायला लागली, झोकांड्या द्यायला लागला तर साध्या पाण्याने अंग भिजवत, पंखा लावत डॉक्टरकडे न्या.

घरात फरशीवर त्याचे पाय घसरत असतील. पाण्याच्या भांड्यापासून त्याच्या झोपायच्या जागेपर्यंत जुन्या सतरंज्या अंथरा, चुरगळणार नाहीत अशा, पाण्याचं भांडं विटेवर ठेवा म्हणजे मान फार वाकवावी लागणार नाही. पाय थरथरतात ते नुसतं वय म्हणून सोडून देऊ नका, सांध्यांच्या दुखण्यावर चांगली औषधं आहेत, डॉक्टरांना दाखवा. फक्त आपल्या गोळ्या त्याला देऊ नका, माणसांच्या दुखण्यावरच्या गोळ्यांनी कुत्री दगावतात.

आणि काका, मंडळींची एखादी साडी कपाटात असेल. धुवू नका. तीच गुढीला लावा, आणि लावायच्या आधी राजाच्या पुढ्यात थोडा वेळ ठेवा.