प्युअर डेटामध्ये 'लॉप~'ला रेझोनन्स का देता येत नाही?

प्युअर डेटा म्हणजे खोकी एकमेकांना जोडून आवाज घडवायचं सॉफ्टवेअर. नाशिक ढोलाच्या रेकॉर्डिंगवर फिल्टर उघडत नेताना तो 'वॉव' आवाज हवाय, पण 'लॉप~' या लो-पास (खालचे सूर जाऊ देणाऱ्या) फिल्टरला रेझोनन्सचं, म्हणजे कापायच्या जागेजवळचे सूर उठावदार करण्याचं, इनलेटच (आत जाणारी जोडणी) नाही, असं तुम्ही विचारलंय. 'लॉप~' एक-पोल, म्हणजे एकाच टप्प्याचा सर्वात साधा फिल्टर आहे, दर सप्तकाला फक्त ६ डेसिबल उतार. एका पोलमध्ये रेझोनन्स बसतच नाही, किमान दोन लागतात.

त्याऐवजी रेझोनन्स असलेला 'व्हीसीएफ~' फिल्टर घ्या. डावं आउटलेट (बाहेर येणारी जोडणी) बँडपास, म्हणजे सुरांचा एक पट्टाच सोडणारं, उजवं लो-पास; बहुतेक जण डावं जोडतात आणि ढोलाचा धुम गायब होतो! मधल्या इनलेटला कटऑफ (फिल्टर जिथून कापतो ती वारंवारता) सलग बदलणारा सिग्नल म्हणून द्या, त्यासाठी स्लायडरनंतर 'पॅक' (आकड्याला वेळ जोडणारं), मग 'लाइन~' (त्या वेळात आकडा सलग सरकवणारं) लावा. 'लाइन~' हर्ट्झमध्ये फिरवू नका. मिडी आकड्यांत (सुरांचे क्रमांक) ४५ ते ९३ फिरवून 'एमटॉफ~'मधून (मिडी आकड्याचे हर्ट्झ करणारं) काढा, म्हणजे ११० ते १७६० हर्ट्झ कानाला सारख्या वेगाने चढतात. क्यू, म्हणजे रेझोनन्सची तीव्रता, ३-४ पासून सुरू करा. ढोलावर जास्त क्यू दिला की थापेचा नाद हरवून नुसती शिट्टी उरते, मला ते अजिबात आवडत नाही.

मूग सिंथेसायझरसारखा जाड आवाज हवा असेल तर 'बॉब~' हा फिल्टर आहे, प्रोसेसरला जड पण सुंदर. त्याचा रेझोनन्स ४ च्या आसपास गेला की फिल्टर स्वतःच वाजू लागतो, म्हणून हेडफोन लावण्याआधी आवाज कमी ठेवा.