बचत गटाला आलेला ३०,००० रुपयांचा फिरता निधी: वाटून घ्यावा की यंत्र घ्यावं?

तुम्ही विचारलंय की तुमच्या बारा जणींच्या गटाला वर्ष झालं, उमेदकडून (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाकडून) ३०,००० रुपये फिरता निधी, म्हणजे सदस्यांना आळीपाळीने कर्जाऊ फिरवायचे पैसे, खात्यावर जमा झाला, निम्म्या जणी म्हणतात वाटून घेऊ, अध्यक्षा म्हणतात पापडाचं यंत्र घेऊ, आणि एवढ्याशा पैशांत खरंच काही उभं राहतं का.

माझं मत विचाराल तर दोन्ही करू नका. मी मराठवाड्यात बचत गटांची दप्तरं तपासते. वाटप आणि यंत्र, हे दोन विषय निधी आला की बहुतेक गटांत निघतातच, आणि त्यांचं पुढे काय झालं ते मला वहीत दिसतं.

वाटून घेतले तर प्रत्येकीला २,५०० येतील. एखादा सण आणि किराणा, संपले. वहीत मात्र ते लिहावे लागतात म्हणून कर्ज म्हणून लिहितात: एकाच तारखेला बारा नावं, बारा सारख्या रकमा, 'कारण' या रकान्यात सगळीकडे 'घरखर्च'. असं पान दिसलं की पुढची पानं मी सावकाशीने उलटते, कारण परतफेड सापडणार नाही हे माहीत असतं. तिने भरले नाहीत तर मी का भरू, असं प्रत्येकीचं म्हणणं. हे पैसे शासनाला परत करायचे नाहीत हे खरं आहे. पण ते गटाचे आहेत, एकेकीचे नाहीत. सदस्याने उचलले की कर्ज, आणि ते व्याजासकट गटात यायलाच हवं.

यंत्राचं म्हणाल तर अध्यक्षांचा उत्साह मला कळतो. दिसण्यासारखं काहीतरी होतं, साहेब आले की दाखवता येतं. माझ्या पाहण्यातल्या एका गटाने प्रदर्शनात चालताना बघून पापडाचं यंत्र घेतलं. गावात आणल्यावर लक्षात आलं की पीठ तिंबायला वेगळं यंत्र लागतं, वाळवणाला जागा लागते, पावसाळ्यात तर तेही नाही. आणि लाटण्यात त्यांचं कधी अडलंच नव्हतं, अडत होतं विकण्यात. यंत्र आता सचिवांच्या पडवीत आहे, त्यावर कांद्याची पोती रचलेली. पापडाचाच धंदा करायचा असेल तर प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना पाहा. २०२० साली आलेल्या या योजनेत अन्नप्रक्रिया करणाऱ्या गटातल्या सदस्याला ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवल आणि यंत्रासाठी बँक कर्जावर ३५ टक्के अनुदान ठेवलेलं आहे. सध्या अर्ज घेताहेत का, ते तालुका कृषी कार्यालयात विचारा. फिरत्या निधीचा बळी त्यासाठी देऊ नका.

आता खरा हिशेब. प्रत्येकीची महिना १०० रुपये बचत धरली तर वर्षाचे १४,४०० झाले. त्यात हे ३०,००० मिळवा: ४४,४००. यातले ४०,००० सतत कर्जात राहिले आणि व्याज शेकडा दोन असेल तर महिन्याला ८०० रुपये गटातच पडतात. शेकडा दोन म्हणजे वर्षाला २४ टक्के, हे स्वस्त नाही असं कोणी म्हणेल. बरोबर आहे, पण हे व्याज बाहेर जात नाही, तुमच्याच गंगाजळीत जातं.

गंगाजळी म्हणजे कॉर्पस, आणि बँकेत त्यालाच वजन आहे. सहा महिने नीट चाललेल्या गटाला बँक जे पहिलं कर्ज देते ते रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे कॉर्पसच्या सहापट किंवा किमान दीड लाख, यातलं जे जास्त असेल ते. आणि कॉर्पसमध्ये बचत, व्याज आणि फिरता निधी तिन्ही धरतात. तुमचे ४४,४०० शाबूत असतील तर सहापट म्हणजे २ लाख ६६ हजार. निधी वाटून खाल्ला तर उरले १४,४००, मग दीड लाखावरच थांबायचं. तेही व्यवस्थापकाने दप्तर बघून नाक मुरडलं नाही तर. गटाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक तारण मागत नाही. तारणाच्या जागी तुमची वहीच असते.

म्हणून मागेल तिला, गरजेप्रमाणे, कमी-जास्त रकमेचं कर्ज द्या. एका गटात एकीने ७,००० घेऊन जुनं पिको-फॉलचं मशीन घेतलं, लग्नसराईच्या आधी. दुसरीने ३,००० मुलाच्या दवाखान्यासाठी घेतले. तिसरीने जूनमध्ये खतासाठी. पहिल्या वर्षी निम्मी कर्जं अशीच, दवाखाना, फी, बियाणं यांत जातात. काही अधिकारी यावर कुरकुरतात, 'उपजीविका' दिसत नाही म्हणून. मला हा फिरत्या निधीचा सगळ्यात चांगला उपयोग वाटतो. नाहीतर ती बाई मायक्रोफायनान्सच्या दारात जाते आणि हप्त्याच्या दिवशी घर बंद करून शेतात बसते. फक्त हप्ते धंद्याप्रमाणे बांधा. शेळीसाठी घेतलेल्या पैशांचं व्याज महिन्याला घ्या, मुद्दल बोकड विकल्यावर. खताचं सोयाबीन निघाल्यावर.

एवढ्याशा पैशांत काही उभं राहतं का, तर देशातली बचत गट-बँक जोडणीच अशा मदतीतून उभी राहिली. १९८७ मध्ये नाबार्डने, म्हणजे शेती आणि ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेने, कर्नाटकातल्या मायराडा संस्थेला १० लाख रुपये दिले होते, गावातल्या गटांना प्रशिक्षण द्यायला आणि त्यांच्या बचतीला जोड द्यायला. तो अनुभव पाहून १९९२ मध्ये ५०० गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू झाला. आपल्या महाराष्ट्रात फिरता निधी २०२३ पर्यंत १५,००० होता, म्हणजे तुम्हाला दुप्पट मिळालाय.

येत्या बैठकीत प्रत्येकीने कशासाठी किती हवेत ते सांगावं, ठराव इतिवृत्तात लिहून सह्या घ्याव्यात. हीच यादी पुढे ग्रामसंघाकडून (गावातल्या गटांच्या संघाकडून) समुदाय गुंतवणूक निधी, म्हणजे गटाला मिळणारं पुढचं कर्ज, मागताना आराखड्यात कामी येते. आणि पहिलं कर्ज अध्यक्ष-सचिवांनी घेऊ नये, हा माझा आग्रह. बँकेचं पासबुक त्यांच्या हातात असतं. पहिली उचल त्यांचीच दिसली तर बाकीच्या दहा जणी वसुलीच्या वेळी गप्प बसतात आणि स्वतःचेही हप्ते लांबवतात.